पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचायचा: पिशवी, ओव्हरी, नळ्या, एकेक करून

माझा पहिला रिपोर्ट मी दादरच्या ब्रिजवर कडेला उभी राहून वाचला होता. शनिवारची संध्याकाळ, सेंटरवाल्यांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलेली, डॉक्टरची अपॉइंटमेंट सोमवारची, आणि पहिल्याच ओळीत युटेरस म्हणजे गर्भाची पिशवी बल्की, मग खाली उजव्या ओव्हरीत म्हणजे अंडाशयात १९ मिलिमीटरचं काहीतरी. मला वाटलं गाठच आहे. दोन रात्री झोप नाही, आईला सांगायची हिंमत नाही, नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्याहून जास्त घाबरला. सोमवारी मॅडमनी रिपोर्ट बघितला, कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने पिशवीचं चित्र काढलं आणि दहा मिनिटं बसून समजावलं. ते १९ मिलिमीटरचं जे होतं ना, ते त्या महिन्याचं पिकत आलेलं बीज होतं. आणि पिशवी दोन बाळंतपणांनंतर जेवढी असते तेवढीच होती.

तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. नंतर घरातल्या, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या कितीतरी जणींना मी तेच चित्र काढून दाखवलंय. मी डॉक्टर नाही, निदान डॉक्टरच करणार आणि औषधही तेच देणार, पण रिपोर्टातले शब्द ओळखीचे असले की समोर बसून नीट प्रश्न विचारता येतात, नाहीतर आपण नुसती मान हलवून बाहेर येतो.

आधी सोनोग्राफीला जाण्याची गोष्ट. फोनवर ते सांगतात पाणी पिऊन या, लघवी रोखून धरा. कारण असं की पिशवीच्या बरोबर पुढे लघवीची पिशवी म्हणजे ब्लॅडर असतं आणि वर आतडी, आतड्यात गॅस असतो, गॅसमधून त्या मशीनच्या लहरी जात नाहीत. ब्लॅडर फुगलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि पाण्यातून आरपार चित्र स्वच्छ दिसतं. पण म्हणून घरून चार ग्लास पिऊन निघू नका. विरारहून किंवा कल्याणहून लोकलमध्ये उभ्याने येताना काय हाल होतात ते मी सोसलंय, त्यापेक्षा सेंटरला पोचा, नंबर कितवा आहे ते विचारा आणि तासभर आधी तिथेच बसून प्या. योनीमार्गातून करायची असेल, जिला टीव्हीएस म्हणतात, तर उलट ब्लॅडर रिकामं लागतं आणि चित्र जास्त जवळून, जास्त स्पष्ट येतं. त्याआधी "मॅरिड आहात का" असं विचारतात, त्याचा खरा अर्थ शरीरसंबंध झालेत का एवढाच असतो, तेव्हा खरं ते सांगा, आणि नको असेल तर नको म्हणा, पोटावरून होते.

आणि शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेवून जा, पहिल्या दिवसाची तारीख. रिपोर्टात वर एलएमपी म्हणून जी जागा असते ना ती ही. बायका तिथे अंदाजे काहीतरी ठोकून देतात किंवा ती जागा रिकामीच राहते, आणि मग खालचे निम्मे आकडे वाचायला काही आधारच उरत नाही. तो का लागतो ते पुढे येईलच.

भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा बोर्ड दिसेल. हा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली, केंद्राचा १९९४ ला आला. 

आता चित्र. वहीचा एक कागद घ्या आणि खरंच काढा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. मधोमध पिशवी, वर रुंद आणि खाली निमुळती, नाशपती उलटं धरल्यासारखी. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या बाहेर निघतात, त्यांच्या टोकाला झालर असते आणि त्या झालरीच्या जवळ दोन्हीकडे एकेक ओव्हरी, सोललेल्या बदामापेक्षा जरा मोठी. खाली निमुळत्या टोकाला पिशवीचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, आणि तिथून खाली योनीमार्ग. पुढे ब्लॅडर, मागे गुदाशय. हे सगळं बेंबीच्या बरंच खाली, ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, त्यामुळे वर पोट दुखलं की पिशवी दुखतेय म्हणणाऱ्या बायकांचं बहुतेक वेळा पित्त असतं.

रिपोर्टाची पहिली ओळ पिशवीची. अँटीव्हर्टेड म्हणजे पिशवी पुढे ब्लॅडरवर झुकलेली, बहुतेकींची अशीच असते. रेट्रोव्हर्टेड म्हणजे मागे झुकलेली, साधारण पाचातल्या एकीची असते आणि हा आजार नाही, कोणी उजव्या हाताने लिहितं कोणी डाव्या, तसं. माझ्या एका मैत्रिणीला सासूने या एका शब्दावरून वर्षभर ऐकवलं की पिशवी उलटी आहे म्हणून दिवस राहत नाहीत. नुसत्या उलट्या पिशवीमुळे दिवस राहायचे थांबत नाहीत, हे तिला डॉक्टरकडून सासूच्या समोर वदवून घ्यावं लागलं. 

मग माप. पाळी चालू असलेल्या बाईची पिशवी साधारण ७ ते ८ सेंटीमीटर लांब, ५ रुंद आणि ३ ते ४ जाड. मुलं झालेली असतील तर प्रत्येक माप सेंटीमीटरभर जास्त असू शकतं, पाळी बंद झाल्यावर ती आक्रसत जाते. बल्की म्हणजे फक्त अंदाजापेक्षा जरा मोठी, एवढंच. बाळंतपणामुळे असू शकते, फायब्रॉइडमुळे असू शकते, किंवा ॲडिनोमायोसिस नावाचा प्रकार असतो त्यात आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूतच शिरतं आणि पाळीत खूप दुखतं, खूप जातं. त्यामुळे बल्की लिहिलंय आणि तुम्हाला काही त्रास नाही, ही एक गोष्ट, आणि बल्की लिहिलंय आणि दर महिन्याला तुम्ही दोन दिवस अंथरुणातून उठत नाही ही वेगळी गोष्ट. डॉक्टरला ही दुसरी अर्धी माहिती तुम्हीच द्यायची असते.

फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूची गाठ, लिहिलं असेल तर सगळ्या बायका आधी आकडा बघतात. तुम्ही आधी जागा बघा. सबम्युकोसल म्हणजे आत पोकळीत डोकावणारी, ही छोटी असली तरी रक्तस्राव करते. इंट्राम्युरल म्हणजे भिंतीच्या आत. सबसेरोसल म्हणजे बाहेरच्या अंगाला, ही कधी कधी लिंबाएवढी होऊनही काही त्रास देत नाही, फक्त ब्लॅडरवर दाब आला तर सारखं लघवीला जावं लागतं. कॅन्सर असण्याची शक्यता यात फार म्हणजे फारच कमी असते आणि पाळी बंद झाल्यावर बहुतेक गाठी आपोआप लहान होतात.

आता एंडोमेट्रियम, रिपोर्टात ईटी असंही लिहितात, आणि माझ्या मते रिपोर्टातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. पिशवीचं आतलं अस्तर. आपल्याकडे पाळीच्या रक्ताला वाईट रक्त, घाण रक्त म्हणतात, आमच्याकडे आजी तर कावळा शिवला म्हणून चार दिवस बाजूला बसवायची. पण ते अस्तर आहे हो. बाळ राहिलं तर त्याला धरून ठेवायला, त्याचं पोषण करायला शरीराने महिनाभर घातलेलं अंथरूण आहे, बाळ आलं नाही की गुंडाळून टाकतं आणि परत नवीन घालतं. त्यात घाण काही नसते. 

हे अस्तर रोज बदलतं म्हणून तारीख लागते. पाळी संपता संपता ते १ ते ४ मिलिमीटर असतं. मग ओव्हरीतून इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं तसं ते जाड होत जातं, बीज सुटायच्या सुमारास साधारण ८ ते ११ होतं आणि त्यात तीन रेघा दिसतात, रिपोर्टात ट्रिपल लाइन लिहितात ते हेच. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येतं, अस्तर अजून भरतं, १६ पर्यंतसुद्धा जातं. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तर सुटतं, तीच पाळी. म्हणजे बाविसाव्या दिवशी १२ मिलिमीटर असेल तर ठीकच आहे, पण पाळी नुकती संपलीय आणि १२ आहे तर डॉक्टर विचारात पडेल, आणि साठीतल्या बाईचं १२ असेल तर तपासणी लागतेच. आकडा तोच आहे, अर्थ तीन झाले.

इथे मला आईचं सांगायचंय. तिची पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती आणि एक दिवस कपड्यावर डाग दिसला. तिला वाटलं उष्णता असेल, सब्जा भिजवून प्यायली, कोणाला बोलली नाही. चार महिने अधूनमधून डाग येत राहिले आणि ती कपडे स्वतः धुवायची म्हणून आम्हाला कळलंच नाही. कळल्यावर नेलं, अस्तर १२ मिलिमीटर निघालं. दुर्बिणीने बघितलं, पॉलिप म्हणजे अस्तराचा वाढलेला कोंब होता, काढला, तुकडा तपासायला गेला, तो रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी विसरणार नाही. चांगला आला. पण पाळी वर्षभर पूर्ण थांबलेली आहे आणि नंतर एक डाग जरी आला, गुलाबी असो की कॉफीसारखा, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. अशा बाईचं अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असलं की डॉक्टर बहुतेक वेळा तुकडा तपासायला सांगतात, त्याने घाबरून टाळू नका. आईला, मावशीला, सासूबाईंना आपण होऊन विचारा, त्या स्वतःहून नाही सांगणार.

ओव्हरीच्या ओळीवर येऊ. इथे सगळ्यात जास्त घाबरगुंडी होते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या ओव्हरीत १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली ३ ते ४ लाख उरतात आणि आयुष्यभरात सुटतात जेमतेम चारशे-पाचशे. प्रत्येक बीज पाण्याच्या छोट्या पिशवीत असतं, तिला फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला काही फॉलिकल वाढायला लागतात, त्यातलं एक पुढे निघतं, ते डॉमिनंट फॉलिकल, १८ ते २४ मिलिमीटर झालं की फुटतं आणि बीज बाहेर पडतं. माझं १९ चं जे होतं ते हेच. फुटल्यावर राहिलेल्या कवचाचं कॉर्पस ल्युटियम होतं, पिवळसर रंगाचं, तेच ते प्रोजेस्टेरॉन बनवतं, साधारण १४ दिवस जगतं. म्हणून बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले, मागेपुढे होतं ते आधीच्या भागात. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज चौदाव्या नाही तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. दिवस राहण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या कितीजणी अ‍ॅपवरचा चौदावा दिवस धरून बसतात आणि महिन्यामागून महिने निराश होतात.

तेव्हा पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत ३ सेंटीमीटरपर्यंतची साधी पाण्याची सिस्ट दिसली तर ते बहुतेक वेळा हेच महिन्याचं काम असतं, डॉक्टर म्हणतात सहा ते आठ आठवड्यांनी पाळी संपल्यावर परत बघू, आणि तोवर ती गेलेली असते. चॉकलेट सिस्ट, एंडोमेट्रिओमा असे शब्द असतील, म्हणजे जुनं रक्त साठलेली सिस्ट, किंवा सिस्टमध्ये घट्ट भाग आहे असं लिहिलं असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लगेच दाखवा. 

पीसीओडी, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरीचा आजार. बहिणीची मुलगी, डोंबिवलीला असते, १६ वर्षांची, पाळी पुढेमागे होते म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात आलं पॉलिसिस्टिक पॅटर्न. घरात सुतक. आता लग्न कसं होणार, मूल होईल का, दहावीच्या मार्कांपेक्षा मोठा विषय झाला. पोरगी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. तर नीट ऐका, यातल्या सिस्ट म्हणजे गाठी नाहीतच, त्या मध्येच वाढ थांबलेल्या छोट्या फॉलिकल आहेत, २ ते ९ मिलिमीटरच्या. नावच चुकीचं पडलंय. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओडी ठरत नाही. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त म्हणजे चेहऱ्यावर केस वगैरे किंवा रक्तात जास्त, आणि सोनोग्राफीत तशी ओव्हरी, या तिनातल्या दोन गोष्टी लागतात, हा नियम २००३ पासून आहे. तेव्हा एका ओव्हरीत १२ फॉलिकल धरायचे, नंतर मशीन चांगली आली, सगळ्याच तरुण मुलींच्या ओव्हरीत तेवढ्या दिसायला लागल्या, म्हणून २०१८ ला आकडा २० वर नेला. किंवा मग ओव्हरीचं आकारमान १० सीसीच्या वर. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून हे ठरवूच नये असंही त्याच नियमावलीत आहे, कारण त्या वयात ओव्हरी अशीच दिसते. भाचीची पाळी सुरू होऊन चार वर्षं झालेली! पाळी अनियमित आहे त्यासाठी डॉक्टर बघतायत, थायरॉइड केलं, खाणं-झोप सुधारतेय, पण लग्नाची चर्चा मी बहिणीला बंद करायला लावली.

नळ्या रिपोर्टात दिसणार नाहीत आणि त्यात काही चूक नाही. नळी १० ते १२ सेंटीमीटर लांब पण इतकी बारीक की नॉर्मल असली तर साध्या सोनोग्राफीत दिसतच नाही, दिसली तर उलट सुजलेली किंवा पाणी भरलेली असते, हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. फक्त ॲडनेक्सा नॉर्मल लिहितात, म्हणजे पिशवीच्या आजूबाजूला वेगळं काही नाही. बीज आणि शुक्राणू भेटतात ते पिशवीत नाही, या नळीच्या बाहेरच्या रुंद भागात. नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी नावाचा एक्सरे वेगळा करतात. नळ्या बंद असल्या तर पूर्वी विषय संपायचा, पण ६ ऑगस्ट १९८६ ला आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म करून दाखवला, महापालिकेच्या हॉस्पिटलात, परळच्याच संशोधन संस्थेतल्या डॉ. आनंद कुमार यांच्यासोबत. परळवरून बस गेली की मला दर वेळी हे आठवतं.

सर्व्हिक्सच्या ओळीत नेबोथियन सिस्ट असं लिहिलं असेल तर सोडून द्या, तोंडावरच्या ग्रंथी बुजून झालेले छोटे फुगवटे आहेत, काही करायचं नसतं. पण सर्व्हिक्सचा कॅन्सर सुरुवातीला सोनोग्राफीत कळत नाही, त्यासाठी पॅप स्मिअर म्हणजे तोंडावरच्या पेशी घेऊन बघणं, किंवा एचपीव्ही या विषाणूची तपासणी लागते, ती वेगळी करून घ्या. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हेही झालं, असं बऱ्याच जणी धरून चालतात.

पीओडीत फ्री फ्लुइड. पीओडी म्हणजे पाउच ऑफ डग्लस, जेम्स डग्लस नावाच्या स्कॉटिश डॉक्टरचं नाव, पिशवी आणि गुदाशयाच्या मधला खळगा. ती पोटातली सगळ्यात खोलगट जागा, म्हणून पाणी तिथे जमतं. मिनिमल लिहिलं असेल तर बीज फुटल्यावरचं थोडं पाणी असतं, चालतं. पण सोबत ताप असेल, खूप दुखत असेल, किंवा पाळी चुकली आहे आणि चक्कर येतेय, एका बाजूला जोरात दुखतंय, तर रिपोर्ट वाचत बसू नका, नळीत गर्भ राहिलेला असू शकतो, तडक हॉस्पिटलला जा.

एक भाग या रिपोर्टात कधीच नसतो, बाहेरचा. व्हल्वा म्हणजे बाहेरचे ओठ वगैरे सगळं, योनी म्हणजे आतला मार्ग, आणि लघवीची जागा योनीपासून वेगळी, तिच्या जरा वर. लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते असं समजणाऱ्या दोन मुलांच्या आया मी बघितल्यात, आणि यात त्यांचा काही दोष नाही, कोणी सांगितलंच नाही. आरसा घ्या आणि बघा. क्लिटोरिस, म्हणजे लघवीच्या जागेच्या वरचा नाजूक दाणा, बाहेर मण्याएवढा दिसतो पण त्याचा बराच मोठा भाग आत पसरलेला असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या डॉ. हेलन ओकॉनेल यांनी १९९८ ला नीट मांडलं, इतक्या उशिरा. र. धों. कर्वे १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून बायकांना त्यांच्या शरीराबद्दल सांगत होते आणि लोकांच्या शिव्या खात होते. शंभर वर्षं झाली, आणि अजून आपण मेडिकलमध्ये पॅड काळ्या पिशवीत घेतो.

आता शेवटची ओळ, इम्प्रेशन. तिथे खाली क्लिनिकल कोरिलेशन करावं असं लिहितात, त्याचा अर्थ चित्रात आम्हाला हे दिसलं, बाईला काय होतंय ते विचारून मग ठरवा. म्हणून जाताना लिहून न्या: पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस जाते, पॅड किती तासांत भरतो, दुखतं कधी, पांढरं जातं का, वास किंवा खाज आहे का. आणि कोणी पहिल्याच भेटीत म्हणालं "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका", तर उठून दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते आपण पेपरात वाचलंय, सरकारला समिती नेमावी लागली. कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं, पण तेव्हा विचारा की औषधाने किंवा आत हार्मोनची कॉपर टीसारखी वस्तू बसवून भागेल का, आणि ओव्हरी ठेवणार का. पिशवी काढली तर पाळी जाते, पण ओव्हरी काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, पस्तिशीत काढली तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. पैशाची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर, कूपरला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, किंवा सीएसएमटीजवळचं कामा, जे १८८६ पासून बायका आणि मुलांसाठीच आहे. रांग असते, एक दिवस मोडतो, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा.

रिपोर्ट फेकू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवला तर गाठ वाढली की तेवढीच आहे ते डॉक्टरला दोन मिनिटांत कळतं. मी प्रत्येकाच्या वर पेनाने वय, एलएमपी आणि त्या वेळचा त्रास लिहिते. आईच्या फाइलवर पाळी बंद झाल्याची तारीख लिहायची होती, तिला आठवेना, मग म्हणाली तुझ्या भावाच्या लग्नाच्या आधीची दिवाळी, तेव्हा फराळ करताना शेवटची बसले होते बाजूला. तेच लिहून ठेवलंय, मोठ्या अक्षरात, कव्हरवर.